खाद्याच्या पोत्यावरचं ‘२८ टक्के’ नक्की कशाचं?

शेततळ्यात मासे सोडलेल्या माणसाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, “सर, २८ चं घेऊ का ३२ चं?” म्हणजे खाद्यात प्रोटीन २८ टक्के की ३२. कुठला मासा आहे, किती ग्रॅमचा झालाय, तळं मातीचं आहे का प्लास्टिकचा कागद टाकलेलं, पाणी हिरवं आहे का आरपार दिसतंय, यातलं काही सांगायच्या आधी थेट टक्के. दुकानात त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की टक्के जास्त तेवढी वाढ जास्त, आणि त्यात दुकानदाराचाही फार दोष नाही, त्याला पोतं खपवायचंय आणि पोत्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं. पण मी रत्नागिरीला मत्स्य कॉलेजात शिकलो तेव्हापासून डोक्यात बसलेली गोष्ट अशी की हा आकडा एकटा घेतला तर त्याला फारसा अर्थ नाही. त्याच्या जोडीला खाद्यातली ऊर्जा किती हे बघायला लागतं, आणि ती बहुतेक पोत्यांवर छापलेलीच नसते. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

सुरुवात कोंबडीपासून करतो कारण आपल्याकडे बरेच मासेवाले आधी पोल्ट्रीवाले होते. ब्रॉयलरच्या खाद्यात प्रोटीन साधारण १९ ते २२ टक्के आणि ऊर्जा किलोला ३००० कॅलरीच्या आसपास (म्हणजे किलोकॅलरी, पण बोलताना सगळे कॅलरीच म्हणतात). माशाच्या खाद्यात प्रोटीन २८-३२ टक्के, आणि पचणारी ऊर्जा किती? तीही २८००-३००० च. म्हणजे माशाला ऊर्जा जास्त लागत नाही, प्रोटीनचा वाटा जास्त लागतो. लोकांना वाटतं मासा म्हणजे काहीतरी प्रोटीन खाणारा राक्षस आहे, तसं नाहीये. कोंबडीला चोवीस तास अंग ४१ अंशाला गरम ठेवायचं असतं, मासा थंड रक्ताचा, पाणी २७ तर तोही २७, त्यामुळे त्याचा हा खर्चच नाही. पाण्यात तरंगायचं असल्यामुळे उभं राहायला ताकद लागत नाही. शिवाय अंगातला नको असलेला नायट्रोजन कोंबडी युरिक ॲसिड बनवून टाकते आणि ते बनवायला ऊर्जा जाते, मासा मात्र सरळ अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात सोडून मोकळा होतो, फुकटात काम. आता एकूण ऊर्जेची गरजच कमी म्हटल्यावर तो कमी खातो, आणि त्या कमी खाण्यातच मांस बनवायला लागणारं सगळं प्रोटीन बसवायचं असतं, म्हणून टक्का मोठा दिसतो. हिशोब करून बघा, ब्रॉयलरचा एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा) १.६५ धरला आणि प्रोटीन २० टक्के, तर किलोभर वजनाला ३३० ग्रॅम प्रोटीन गेलं. माशाचा एफसीआर १.५ आणि प्रोटीन ३० टक्के, तर ४५० ग्रॅम. टक्क्यांकडे बघून जेवढं अंतर वाटतं तेवढं काही नाही.

याला पुस्तकी भाषेत प्रोटीन-ऊर्जा गुणोत्तर म्हणतात. एक कॅलरी पचणाऱ्या ऊर्जेमागे किती मिलिग्रॅम पचणारं प्रोटीन, असं मोजायचं. डुकरं-कोंबड्यांना हे ४० ते ६० लागतं, माशांना ८१ ते ११७. घरी काढायचं असेल तर फार अवघड नाही. प्रोटीनच्या एका ग्रॅममध्ये ५.६५ कॅलरी, फॅटच्या ग्रॅममध्ये ९.४५, पिठूळ पदार्थांच्या ग्रॅममध्ये ४.१ धरायच्या. २८ टक्के प्रोटीन आणि ४ टक्के फॅट असलेल्या पोत्यात ओलावा, राख, तंतू वजा जाता पिठूळ भाग साधारण ४२ टक्के उरतो. प्रोटीन ८५ टक्के, फॅट ९० टक्के, पीठ ७० टक्के पचतं असं धरलं तर १०० ग्रॅममध्ये २८९ कॅलरी आणि २३.८ ग्रॅम पचणारं प्रोटीन, म्हणजे गुणोत्तर ८२. कार्पसाठी (रोहू, कटला, सायप्रिनस वगैरेंसाठी) ठीकठाक आहे की! ३२ टक्केवाल्याचं असंच काढलं तर ९० च्या आसपास येतं. तेही चालतं. पण दोन्ही चालत असतील तर मग महाग का घ्यायचं हा प्रश्न उरतोच, त्यावर खाली येतो.

आधी एक जुनी गोष्ट, कारण मला स्वतःला ही सगळ्यात पटलेली. १९७० साली जपानमध्ये ओगिनो आणि साइतो यांनी कॉमन कार्पवर, म्हणजे आपल्या सायप्रिनसवर प्रयोग केले, दुधातलं केसिन हे प्रोटीन वेगवेगळ्या टक्क्यांनी दिलं आणि उत्तर आलं ३८ टक्के. मग १९७९ मध्ये जपानमधल्याच ताकेउची वगैरे मंडळींनी दाखवलं की खाद्यात ऊर्जा नीट पुरेशी दिली तर त्याच माशाला ३१-३२ टक्क्यांत भागतं. मासा तोच आणि गरज सहा-सात टक्क्यांनी खाली! मधले टक्के कुठे गेले? ते मांस बनायला लागतच नव्हते, मासा ते जाळत होता. माशाची ही सवय लक्षात ठेवा, त्याला हालचालीला, श्वासाला, पचवायला ऊर्जा हवी असते आणि फॅट किंवा पिठातून ती मिळाली नाही तर तो बिनदिक्कत प्रोटीन जाळतो. चुलीत सागवान घालून चहा करण्यातला प्रकार. चहा होतो, नाही असं नाही.

बरं मग ऊर्जा जास्तच टाकू, तेल ओतू, असंही नाही. ऊर्जेनं पोट भरलं की मासा खाणं थांबवतो आणि प्रोटीनचा कोटा पुरा व्हायच्या आधीच थांबतो. वजन वाढतं पण कापल्यावर पोटात पिवळी चरबी. पंगेशियसमध्ये हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं, मासा काट्यावर दीड किलो दिसतो, साफ केल्यावर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. आणि याचं एक मोठं कारण म्हणजे स्वस्त पडतं म्हणून टाकलेलं कोंबडीखाद्य. वर सांगितलं तसं ते गरम रक्ताच्या पक्ष्यासाठी बनवलेलं, मक्याचं प्रमाण भरपूर, माशाच्या हिशोबानं ऊर्जा जास्त प्रोटीन कमी. लेअरचं खाद्य टाकणारे तर मला अजूनच कळत नाहीत, त्यात अंड्याच्या कवचासाठी चुनखडी घातलेली असते, मासा काय अंड्याला कवच घालणारे का?

नॉर्वेतल्या सामनचे व्हिडिओ बघून लोक विचारतात की त्यांच्या खाद्यात तर फॅट ३० टक्क्यांच्या वर असतं मग आपल्या का नको. सामन हा थंड पाण्यातला मांसाहारी मासा, त्याला पीठ नीट वापरताच येत नाही, साखर रक्तात चढून बसते, म्हणून त्याची ऊर्जा तेलातूनच द्यायला लागते. आपला रोहू, कटला, चिलापी यांना पीठ चांगलं चालतं. तरंगणारं खाद्य बनवताना मशीनमध्ये वाफ आणि दाबानं स्टार्च शिजतो, म्हणून ते आणखी चांगलं पचतं, नुसतं तरंगतं आणि दिसतं एवढाच त्याचा फायदा नाही. रोहू-कटल्याला तर पोट म्हणजे जठर नसतंच, तोंडातून गेलेलं सरळ लांबलचक आतड्यात, त्यामुळे त्यांना एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं दोन-तीनदा दिलेलं बरं.

आता पोत्यावरचा टक्का मोजतात कसा हे बघू, कारण इथे खरी गंमत आहे. प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. ही पद्धत १८८३ सालची, योहान केल्डाल नावाच्या डॅनिश माणसानं कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या लॅबमध्ये बसवलेली (तीच ती कार्ल्सबर्ग, हो). आता युरियात नायट्रोजन ४६ टक्के, त्याला ६.२५ ने गुणा, २८७ टक्के ‘प्रोटीन’! म्हणजे १०० किलो खाद्यात किलोभर युरिया मिसळला तर कागदावर जवळजवळ तीन टक्के वाढतात. गाय-म्हैस थोडा युरिया वापरू शकते कारण तिच्या पोटातले जंतू त्याचं प्रोटीन करतात, माशाला त्याचा शून्य उपयोग. चीनमध्ये २००८ ला दुधात मेलामाइन घालायचं कारण हेच होतं, नायट्रोजन वाढवून टेस्ट फसवायची. म्हणून अनोळखी स्वस्त खाद्य ३२ टक्के सांगत असेल तर मी तरी लगेच खूश होत नाही.

आणि फसवाफसवी नसली तरी प्रोटीन प्रोटीनमध्ये फरक असतोच. प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं ती अमिनो ॲसिड, त्यातली दहा माशाला बाहेरून मिळायलाच लागतात, त्यातली लायसिन आणि मेथिओनिन ही दोन आपल्याकडच्या पेंडींमध्ये कमी पडतात. कार्पला एकूण प्रोटीनच्या साधारण ५.७ टक्के लायसिन हवं, शेंगपेंडीच्या प्रोटीनमध्ये ते ३.५ च्या आसपास असतं. एक अमिनो ॲसिड कमी पडलं की बाकीची नऊ कितीही असोत मांस तेवढ्यावरच अडतं आणि उरलेलं परत जाळलं जातं. म्हणून शेंगपेंड आणि भाताचा कोंडा अर्धा अर्धा हे जुनं मिश्रण कागदावर २८-३० टक्के दाखवतं पण काम तेवढं करत नाही. वर शेंगपेंडीला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन हे विष आलंच, पावसाळ्यात शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली पोती बघितली की माझं डोकं फिरतं. सरकी पेंडीत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो, त्यामुळे ती थोडीच घ्यावी. सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) मला सगळ्यात आवडते, प्रोटीन ४५ च्या पुढे, लायसिन चांगलं, मेथिओनिन तेवढं कमी, लातूरसारखी सोयाबीनची मोठी बाजारपेठ आपल्याच राज्यात. फक्त ती नीट भाजलेली म्हणजे उष्णता दिलेली हवी, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, घरचं कच्चं सोयाबीन दळून टाकणाऱ्यांनी हे वाचा.

आणि फिशमीलशिवाय (सुकवून दळलेल्या मासळीशिवाय) मासा वाढत नाही असं अजून कोणी म्हणत असेल तर, नॉर्वेच्या सामनचंच उदाहरण, १९९० मध्ये त्यांच्या खाद्यात ९० टक्के घटक समुद्रातले होते, २०१३ पर्यंत ते ३० च्या आसपास आले. मांसाहारी माशाचं असं, तर रोहूचं काय घेऊन बसलात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे सांगितल्यावर लोक जरा गप्प होतात. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या पट्ट्यात लोक वर्षानुवर्षं तेल काढलेला भाताचा कोंडा भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून, पोती बांबूला बांधून रोहू-कटला वाढवतायत आणि तोच मासा बर्फात बसून आपल्या बाजारात येतो. त्या कोंड्यात प्रोटीन जेमतेम १४-१६ टक्के. मग त्यांचा मासा वाढतो कसा? तर तिथलं तळं मातीचं, मोठं, शेण-खत टाकलेलं, पाणी हिरवं, त्यात प्लवंग म्हणजे पाण्यातले बारीक जीव भरपूर, आणि हे प्लवंग सुकवून मोजलं तर त्यात निम्म्याच्या आसपास प्रोटीन निघतं. म्हणजे प्रोटीन तळंच देतं. तिथे तुटवडा असतो ऊर्जेचा, आणि ती कोंड्यातून स्वस्तात मिळते. अशा तळ्यात ३२ टक्क्याचं खाद्य टाकणं म्हणजे आधीच भरलेल्या जागी अजून भरणं.

आपल्याकडे २०१६ ला ‘मागेल त्याला शेततळे’ आलं आणि कागद टाकलेली शेततळी गावोगाव झाली. ती बांधली द्राक्ष, डाळिंब, कांद्याच्या पाण्यासाठी, मासा नंतर सुचला. तिथे तळाला माती नाही, काठ उभे, पाणी बोअरचं नाहीतर कॅनॉलचं, आरपार दिसणारं, आणि ते हिरवं झालं तर ड्रिप चोक होतं म्हणून शेतकरी हिरवं होऊही देत नाही. अशा तळ्यात मासा सगळं काही तुमच्या हातून खातो, प्रोटीन, ऊर्जा, व्हिटॅमिन, मिनरल, सगळं. इथे कोंडा-पेंडीवर भागवायचा विचार केला तर मासा डोक्यानं मोठा आणि अंगानं काटकुळा होतो. धरणातल्या पिंजऱ्यांचंही तेच, जाळीतल्या दाट माशाला बाहेरचं काही मिळत नाही. म्हणून आंध्रावाल्यांची कॉपी कागदी तळ्यात करू नका, आणि उलट, गावतलावात पिंजऱ्याचं खाद्य टाकून पैसे घालवू नका. २८ का ३२ याच्या आधी हे ठरवायला लागतं.

मग जास्त प्रोटीन टाकलं तर नुकसान काय, पैसेच जातील ना, असंही विचारतात. पैसे जातातच, पण प्रोटीन जळल्यावर निघालेला अमोनिया पाण्यात राहतो. १०० किलो ३० टक्केवालं खाद्य म्हणजे ३० किलो प्रोटीन, म्हणजे ४.८ किलो नायट्रोजन. त्यातला चांगल्या परिस्थितीत ३० टक्के माशात मांस म्हणून बसतो, उरलेला साधारण ३.४ किलो पाण्यात. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नायट्रोजन असतो, म्हणजे सहाशे किलो खाद्य गेलं की जवळजवळ एक गोणी युरियाएवढा नायट्रोजन तळ्यात पडला. तेच पाणी ड्रिपनं डाळिंबाला जातं तेव्हा शेतकरी खूश असतो, ते चांगलंच आहे, पण माशाचं काय. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो, २८ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एक टक्काही नाही, पीएच ९ झाला की ४० टक्क्यांच्या आसपास. हिरव्या पाण्यात दुपारी पीएच ९ ला सहज जातो. सकाळी टेस्ट करून ‘सगळं ओके’ म्हणणाऱ्यांनी एकदा दुपारी तीनला करून बघावी.

ऑक्सिजनचंही असंच. मासा खातो तेव्हा ते पचवायला, विशेषतः प्रोटीन पचवून वापरायला, त्याला नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. ढगाळ दिवस, पहाटेपासून ऑक्सिजन खाली, मासे वर येऊन तोंड मारतायत आणि वरून मालक खाद्य टाकतोय ‘भूक लागलीये बिचाऱ्यांना’. नाही हो, दम लागलाय. अशा दिवशी खाद्य बंद ठेवलं तर मासा मरत नाही, टाकलं तर मरू शकतो.

बायोफ्लॉकवाले इथे हात वर करतील. त्यांचा प्रकार मला तत्त्व म्हणून आवडतो, टाकीत गूळ किंवा मळी टाकायची, म्हणजे ऊर्जा माशाला नाही तर बॅक्टेरियाला द्यायची, ते पाण्यातला अमोनिया उचलून त्याचं प्रोटीन करतात आणि मासा ते फ्लॉक परत खातो. म्हणजे जे वाया गेलं ते फिरवून आणायचं. सोलापूर-कोल्हापूरकडे मळीला तोटा नाही. पण वीज गेली, हवा सोडणारा पंप बंद पडला, की दोन तासांत खेळ खलास, त्यामुळे जनरेटर नसेल तर माझ्याकडून नाही.

लहान माशाचं वेगळं. बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लाच्या) आधीच्या अवस्थेत ४० टक्क्यांपर्यंत प्रोटीन लागतं कारण ती रोज स्वतःच्या वजनाच्या मानानं प्रचंड वाढते, आणि तिथे कंजूषी करायची नाही, खातेही तोळा-मासाच. वजनाच्या ८-१० टक्के रोज. ५० ग्रॅमला ४-५ टक्के खाद्य, अर्ध्या किलोला २ टक्के पुरे, आणि प्रोटीनही तोपर्यंत २४-२८ वर आणता येतं. बरेच जण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच पोतं चालवतात, त्यात सुरुवातीला वाढ जाते आणि शेवटी पैसे.

तर २८ का ३२? समजा २८ चं ४५ रुपये किलो आणि एफसीआर १.७ येतोय, किलो माशामागे ७६.५० रुपये. ३२ चं ५५ रुपये आणि एफसीआर १.५, तर ८२.५०. म्हणजे महाग खाद्याचा एफसीआर १.३९ वर आला तरच बरोबरी. तुमच्या भावाचे आकडे घालून हा हिशोब करा, आणि एफसीआर कंपनीचा नको, तुमच्या तळ्याचा, त्यासाठी महिन्यातून एकदा जाळं ओढून वजनं घ्यायला लागतात, जे कोणी करत नाही. ज्याला घाई आहे, लग्नसराईच्या आधी माल काढायचाय, त्याला ३२ परवडूही शकतं, तो वेगळा हिशोब.

थंडीत मात्र टक्क्यांत फेरफार करत बसू नका, मात्रा कमी करा. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पाणी २० च्या खाली गेलं की रोहू-कटला खाणं फारच कमी करतात, अंगातली सगळी यंत्रणाच सावकाश होते. टाकलेलं तळाला जाऊन कुजतं. दुपारी ऊन लागल्यावर एकदाच, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढं, आणि संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याहून कमी.

आणि मरळवाल्यांनो, वरचं ‘कमी प्रोटीनमध्ये भागतं’ तुम्हाला लागू नाही. मरळ पक्की मांसाहारी, तिला ४० च्या पुढेच लागतं, पिठावर तिची ऊर्जा भागत नाही, आणि उपाशी ठेवलीत तर ती शेजारच्या मरळीकडे बघायला लागते.